झोत बंद होता तेव्हाचा ठोका

देवाला स्मरून सांगतो, यातला एक शब्द पदरचा नाही.

विबके माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिची उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.

नोव्हेंबरमधला मृतांचा रविवार. दुपारचे साडेतीन. हॅम्बर्गच्या पश्चिमेला, जमिनीखाली आमची प्रयोगशाळा. वर सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गेलेलं.

खाली दोघंच. विबके आणि वायूच्या नळ्या सांभाळणारा म्हातारा ओन्नो.

विबकेचं यंत्र साधं. क्ष-किरणांचा झोत वायूच्या डब्यातून जातो, वायू काजव्यासारखा उजळतो, त्या उजेडावरून झोत कुठे नि किती ते कळतं. पण उजेड थोडका आणि गोंगाट फार. तीन महिने ती त्यामागे हात धुऊन लागली होती. वायू बदलला, डबा आतून काळा केला, एकेक तार नव्याने गुंडाळली.

"पोरी, एवढं साफ करू नकोस," ओन्नो म्हणाला. "गोंगाट गेला की नको ते ऐकू येतं."

"तुला काय त्याचं? तू तर कान खिशात घालून फिरतोस!"

पंपाच्या किंकाळीपायी तो श्रवणयंत्र काढून ठेवायचा. तो खो खो हसला.

"एक नळी आवळतो आणि निघतो. बायको वाट बघतेय."

"थडग्यातूनसुद्धा?"

"तिथून तर जास्तच!"

थोड्या वेळाने विबकेला वाटलं, गेला.

शिशाचं दार लावण्याआधी आत फिरायचं, मागच्या भिंतीवरचं बटण दाबायचं आणि ओरडायचं, "कोणी आहे का आत?" मग तीन श्वास थांबायचं. हे थांबणं नियमात लिहिलेलं नाही. आमचा सहकारी फोल्कर्ट गेल्यापासून सुरू झालं. याच खोलीत वायूच्या सिलिंडरची मान तुटली आणि ते त्याच्या छातीतून आरपार गेलं होतं.

हाक मारली की ओ येईपर्यंत थांबावं, असं आमच्या गावचे बुवा कीर्तनात सांगत.

विबकेने हाक मारली.

थांबली नाही.

वायूच्या कपाटामागे वाकूनही पाहिलं नाही.

दार बंद. लाल दिवा सुरू. झोत सुटायला नव्वद सेकंद.

पडद्यावरची रेघ सपाट होती. पहिल्यांदाच. तिला हसू फुटलं.

आणि...

टक्.

झोत बंद होता. तरी डब्यातला वायू उजळला होता; तो उजळला की यंत्र असं वाजायचं.

टक्... टक्... कीर्तनातल्या टाळासारखा नेमका ठोका.

चाळीस सेकंद उरले.

मग त्यात दुसरा ठोका मिसळला. घाबऱ्या काळजासारखा, भरभर.

तिने मान वळवली. खुंटीवर ओन्नोचा कोट होता. खिशातून मेणबत्ती डोकावत होती.

"ओन्नो!"

धाड!

शिशाचं दार आतून फुगलं. धाड! धाड! छताची धूळ खाली आली. आत कोणीतरी गुरासारखं ओरडत होतं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला, ओल्या फांदीसारखा.

तिने धावत जाऊन तांबडं बटण दाबलं. क्षणभर उशीर झाला. झोत सुटून थांबला होता.

तिने कडीला हात घातला. दार आतून कोणीतरी असं भिरकावलं की तिची बोटं दार नि भिंतीमध्ये चिरडली.

आत ओन्नो एकटाच. जमिनीवर पडलेला. एक हात उलटा वळलेला, तोंडातून रक्त, समोर त्याचेच तीन दात.

पण जिवंत.

"सैताने!" तो रक्त थुंकत म्हणाला. "मानगूट धरून आपटलंस मला! लाथा घातल्यास! माझं काय चुकलं होतं गं?"

"मी बाहेर होते, ओन्नो..."

त्याने मान वळवून रिकाम्या खोलीत पाहिलं.

त्या दिवशी चाचणीसाठी झोताची नळी पुढून उघडी होती. बरोबर नळीच्या तोंडासमोर, कपाटाच्या पत्र्याला सुईएवढं जळकं भोक पडलं होतं.

ओन्नो उभा असता, तर त्याच्या कपाळाच्या उंचीवर.

चौकशी झाली. दारावर आतून मुठीचे पाच खड्डे. एकही ओन्नोच्या मुठीला जुळला नाही. त्याच्या मानेवर मात्र जाड बोटांचे वळ महिनाभर होते.

यंत्राची आता सगळीकडे वाहवा होते. म्हणे, एवढी स्वच्छ रेघ कोणाकडे नाही. विबके त्या रेघेकडे बघत नाही.

परवा मंगळवारी मी तिच्यासोबत होतो. ओन्नो दारात, माझ्यासमोर उभा. खोली आम्ही तिघांनी तीनदा पाहिली. कपाटामागेसुद्धा.

विबकेने हाक मारली. "कोणी आहे का आत?"

एक श्वास.

दोन.

तिसऱ्याला... कपाटाच्या पत्र्यावर कोणीतरी बोटाने एकदा वाजवलं.

आम्ही अजून झोत सोडलेला नाही.