समुद्रातला ठिपका

लाईट गेली तर गेली. ते फोनचे टॉर्च बंद करा आधी. डोळ्यांवर येतात. तुम्ही मुंबईला वाढलेली पोरं, मालवणी अर्धी कळेल, अर्धी नाही, म्हणून सरळ मराठीत सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. रसिकाला मी तिच्या लहानपणापासून ओळखायचो. आचऱ्याहून शाळेला ती माझ्याच रिक्षेतून जायची.

रसिकाचं लग्न देवबागच्या मितेशशी झालं. पर्यटकांना होडीतून फिरवायचा. मारणारा नव्हता, पिणाराही नव्हता. फक्त लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या फोनमध्ये काहीतरी लावून दिलं. ती कुठे आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसायचं. चोवीस तास. मासळीबाजारात जरा रेंगाळली की फोन. "थंय कोण गावलो?" म्हणजे तिथे कोण भेटला. मैत्रिणीच्या दारात उभी राहिली की फोन. एकदा तिला रिक्षेतच रडू फुटलं, तर म्हणाली, "भाई, रडाक सुद्धा खंय थांबाचा ता तेका इचारूक व्हया."

मग भाद्रपदात वादळी वाऱ्यात त्याची होडी उलटली. दोन दिवसांनी त्याचं प्रेत वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. फोन काही मिळाला नाही.

बाराव्यानंतर रसिका आचऱ्याला आईकडे आली. आपल्या हाताने तिने ते लोकेशन बंद केलं. बाजारात भेटली तेव्हा हसत होती. विधवा बाई हसते म्हणून लोक बघत होते. "भाई," म्हणाली, "आज पयल्यांदा कोणाक न सांगता भायर पडलंय."

आपल्याकडची देवदिवाळी मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी; तिची आदली रात्र. म्हणजे अमावास्या. तिच्या आईला, सत्यवतीला, दम्याचा त्रास. पंप संपला होता. रसिका स्कूटर घेऊन मालवणला गेली, औषध घेतलं, जेवणवेळेच्या सुमारास परत निघाली. कोळंबच्या पुलावर आली आणि खिशात फोन थरथरला. आईचा असेल म्हणून तिने स्कूटर बाजूला घेतली.

फोन आईचा नव्हता. पडद्यावर नकाशा उघडला होता. पुलावर तिचा निळा ठिपका. आणि पार मालवणच्या किल्ल्याच्या पलीकडे, भर समुद्रात, दुसरा ठिपका. त्यात मितेशचा फोटो. लग्नातला. फेटा बांधलेला.

तिने बंद करायला बोट लावलं. बंद होईना. बटण दाबून फोनच बंद केला. पडदा काळा झाला... आणि पुन्हा नकाशा.

ठिपका हलला.

किल्ल्याला वळसा घातला. किनाऱ्याशी आला. मग खाडीच्या तोंडात शिरला. रसिकाने कठड्यावरून खाली बघितलं. होडी नाही. दिवा नाही. पाणी अगदी गप्प. पडद्यावर बघितलं. ठिपका पुलाखाली... तिच्या ठिपक्याला टेकलेला.

तिने फोन खाडीत फेकला. स्कूटर कशी चालवली तिलाच ठाऊक.

घरी आई जागी. मांडीवर तिचा तो साधा, बटणांचा फोन.

"आये, निजलंस नाय?"

"फोन इल्लो."

"कोणाचो?"

म्हातारीने फोन पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, "मितेशचो... इचारी होतो, रसिका पुलार कित्याक थांबला म्हणान."

...

तेव्हापासून रसिकाने फोन हातात धरला नाही. भाऊ ओंकार तिला वैभववाडीला घेऊन गेला. घाटाखाली, समुद्रापासून लांब. चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी ती विहिरीवर गेली होती आणि तिच्या वहिनीचा, संचिताचा फोन वाजला. पलीकडे मितेशचा आवाज. "ता हिरीवर एकटाच कित्याक बसला हा?" संचिताने खिडकीतून बघितलं. रसिका विहिरीच्या काठावर बसली होती. एकटीच.

ओंकारने संचिताच्या फोनला नवं सिमकार्ड घेतलं. कंपनीत विचारलं, तर मितेशचा नंबर कधीच बंद झालेला. पोलिसांत गेला, तर तिथला साहेब शांतपणे म्हणाला, "तक्रार कोणाविरुद्ध लिहू, तेवढं सांगा." देवळात कौल लावला. देवाने ना उजवा दिला, ना डावा. ना हो, ना नाही.

मग शेजाऱ्यांचे फोन वाजू लागले. दुकानदाराचा. रसिका दिसली की बायका फोन बंद करून पदराखाली धरत. पोरांना घरात ओढत. कोणी वाईट बोललं नाही. पण तिच्याजवळ कोणी थांबेनासं झालं.

फाल्गुनात ती मला आचऱ्याच्या तिठ्यावर भेटली. हातात एक पिशवी.

"भाई, माका देवबागाक सोडा."

"थंय आता कोण आसा गो तुझा?"

ती पिशवी घेऊन रिक्षेत बसली. तारकर्ली मागे पडल्यावर म्हणाली, "तेका मी थंयच व्हयी आसय. मी थंय रवलंय तर बाकीच्यांका तरी तो इचारूचो नाय."

मी खूप समजावलं. आईचं नाव घेतलं. म्हणाली, "आवशीन फोन इकून टाकलो, भाई. तरी ती रातभर कान देवन बसता." मी रिक्षा पुढे घेतली.

मितेशचं घर बंदच होतं. तिने कुलूप काढलं, दारं उघडली. मग झाडू घेऊन अंगण झाडायला लागली. देवबागचं अंगण म्हणजे वाळू. झाडून झाडून तिने ती आरशासारखी सपाट केली. दिवस बुडाला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी फाटकाबाहेर होतो, तिथूनच निघालो.

त्या दिवसापासून कोणाचा फोन वाजला नाही. आचऱ्याला नाही, वैभववाडीला नाही. लोक म्हणतात, सुटली.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे तांदूळ आणि थोडे बांगडे घेऊन गेलो होतो. फाटकाशीच थांबलो.

वाळूत पावलं होती. अनवाणी. पुरुषाची. घराभोवती फिरलेली... पुन्हा पुन्हा, एकावर एक, वाळूत चर पडेपर्यंत. प्रत्येक खिडकीपाशी टाचा रुतलेल्या.

फाटकातून आत येणारं पाऊल एकही नव्हतं. बाहेर जाणारंही नव्हतं.