बरी होणारी खोड

“यातली कुठली खोड चालेल तुम्हाला?” त्यानं विचारलं.

मी आले होते बेस गिटार घ्यायला. तीही जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या तासात, आणि होईल तेवढी स्वस्त. खरं तर पलीकडच्या मोठ्या दुकानात जायचं होतं, पण तिथं ‘माल मोजणी चालू’ अशी पाटी लावून शटर अर्धं ओढलेलं. म्हणून या चिंचोळ्या दुकानात शिरले, तर समोर लांब टेबल, टेबलावर ओळीनं उताण्या झोपवलेल्या तीन बेस गिटार आणि पलीकडे कानामागे पेन्सिल खोचलेला हा माणूस. बाकीचे दुकानदार आधी मालाचं कौतुक करतात. हा खोडी दाखवत होता.

“खोड कशाला? बिनखोडीची द्या ना.”

“आहे की.” त्यानं भिंतीवर उंच टांगलेल्या चकचकीत गिटारकडे बोट केलं. मी तिची किंमत वाचली आणि मुकाट्यानं मान खाली घातली.

“नको… खोडच दाखवा.”

तो गालातल्या गालात हसला. मग टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

“ही काळी. देखणी आहे, पण हात सोडला की मान टाकते. ही लाल. तारा मानेवरच्या पडद्यांना घासतात, झणझण करते. आणि ही तपकिरी. आधी कुणीतरी वापरलेली. आवाजाचं बटण फिरवलं की खरखरते, रंगाचा टवका उडालाय. पण मान सरळ आणि आखूड. तुमचा हात लहान आहे.”

“माझा हात कधी पाहिलात तुम्ही?”

“मघाशी. किमतीची चिठ्ठी हळूच उलटून बघत होतात तेव्हा.”

मी लाजायच्या ऐवजी चिडले. माझं नेहमीच असं होतं.

“हे बघा,” तो समजावत म्हणाला, “स्वस्तात घेताना एकच बघायचं. बरी होणारी खोड कुठली आणि बरी न होणारी कुठली. खरखर बरी होते, बटण साफ केलं की झालं. झणझणही बरी होते, मानेच्या आत सळई असते, ती पाव वेढा फिरवायची. पण मानच पिळलेली असेल, तर हात जोडायचे.”

“लालची पिळलीय?”

“किंचित.”

“अरे, किंचित कशाला सांगतोस!” गल्ल्यावरून आवाज आला. “ताई, हा माझा भाचा. गिऱ्हाइकं पळवून लावण्यात याचा हात कुणी धरणार नाही.”

भाच्यानं मामांकडे लक्षच दिलं नाही. तपकिरी गिटार उचलली, तिच्या धडाच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर जबडा टेकवला आणि डोळे मिटून एक तार छेडली. अँपला जोडलेली नसल्यामुळे मला जेमतेम एक ‘डुम्’ ऐकू आलं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी पसरत गेलं… आणि मी, अर्ध्या तासाची घाई असलेली बाई, घड्याळाकडे बघायचं विसरले.

“अँप लावला की मामा ओरडतो,” तो डोळे उघडून म्हणाला. “असं टेकवलं की हाडातून ऐकू येतं.”

“मला सांगताय? माझं कामच आहे ते. मी कान तपासते. हेडफोन लावून, बीप ऐकू आला की बटण दाबायला लावते ना, ती मी.”

 तो एकदम नजर वळवून बटणाशी खाटखूट करायला लागला. मला वाटलं, भारावला असेल.

तपकिरी गिटार मी घेतली.

आमच्या क्लिनिकमधल्या तिघींनी बँड काढला होता. रिसेप्शनवरच्या मैत्रिणीनं गाणं पटकावलं, फिजिओनं ड्रम. उरली बेस गिटार आणि उरले मी. रविवारी सकाळी व्यायामाचे मोठे चेंडू बाजूला सारून आम्ही फिजिओच्या हॉलमध्ये जे काही वाजवायचो, त्याला बँड म्हणायला मोठं मन हवं. पण मला मजा यायची. दिवसभर कानात बारीक, टोकदार बीप. त्यावर या जाड तारेचा आवाज पोटापर्यंत उतरायचा.

आणि दुकानात जायला निमित्तं मिळायची. एकदा पट्टा हवा होता. एकदा तार. एकदा तर मी एक चांगला घट्ट स्क्रू स्वतः ढिला करून घेऊन गेले.

“हा आपोआप ढिला झाला?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आणि स्क्रूवर पट्टीनं खरवडल्याच्या खुणा?”

“त्या… आधीपासून असतील.”

“असतील,” तो गंभीरपणे म्हणाला आणि एका मिनिटाचं काम पाऊण तास करत बसला. मामा गल्ल्यावरून आमच्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत राहिले.

दर वेळी तो वळसा घालून माझ्या डावीकडेच येऊन उभा राहायचा. मी घरी आरशात निरखून पाहिलं. माझी डावी बाजू जास्त छान दिसते, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून केस उजवीकडे घ्यायला लागले.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी धीर केला. तो टेबलाशी सोल्डर करत बसला होता. मी त्याच्या उजवीकडच्या स्टुलावरचा वायरींचा गुंता उचलायला गेले, पण तो सुटेना, म्हणून त्याच्या डावीकडच्या स्टुलावर बसले. बाहेर भुरभुर चालू होती. माझी ओली छत्री दारात ठिबकत होती. मी त्या छत्रीकडे बघत, अगदी सहज वाटावं अशा आवाजात म्हणाले, “रविवारी काय करता तुम्ही? आमचा बँड ऐकायला याल? म्हणजे… बँडचं निमित्त. मला भेटायला?”

त्याचा हात थांबला नाही. मान वळली नाही. सोल्डरचा धूर तेवढा सरळ वर जात राहिला.

जरा वेळानं त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा पाहून दचकला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं… आणि मिटलं. मी छत्री उचलली आणि निघाले.

“ऐकून न ऐकल्यासारखं केलं गं!” मी फिजिओपाशी फणफणले. “नाही म्हणायचं ना सरळ!”

“तू दिवसभर लोकांना ‘ऐकू आलं का’ विचारतेस,” ती काठ्या आपटत म्हणाली. “त्यालाही विचारायचं की.”

मला तो विनोद मुळीच आवडला नाही. बारा दिवस मी त्या रस्त्यानं गेलेसुद्धा नाही. तेराव्या दिवशी पट्ट्याचा खिळा निखळला. या वेळी खरोखर निखळला, शपथ घेऊन सांगते.

दुकानात मामा एकटेच होते. टेबलावरची अवजारं एका खोक्यात भरलेली.

“तो चाललाय,” मामा म्हणाले. नेहमीचा चढा सूर कुठेच नव्हता. “सोमवारी. लांब, बहिणीच्या गावी. तिच्या नवऱ्याचं फरशांचं गोदाम आहे, तिथं बसणार. दहा वर्षं या टेबलाशी काढली त्यानं. म्हणतो, आता या कामाचा मी राहिलो नाही. कारण काही सांगत नाही. तुम्ही विचारा ना, ताई. तुमच्याशी बोलतो तो.”

 माझ्याशी बोलत नाही हो, असं सांगणार, तेवढ्यात तो मागच्या खोलीतून आला. मला पाहून थबकला. आणि मग टेबलाला वळसा घालून माझ्या डावीकडे आला.

त्या वेळी प्रथमच मी माझ्या केसांचा विचार केला नाही. मी त्याच्या पावलांकडे पाहिलं. तो माझ्या डावीकडे आला, म्हणजे मी त्याच्या उजवीकडे गेले. रोज माझ्याकडे येणारी निम्मी माणसं हेच करतात, खुर्ची हळूच फिरवतात, चांगला कान पुढे करतात. आणि मी मूर्ख, आरशात बघत बसले होते!

मी निमूट त्याच्या डाव्या बाजूला गेले, गिटारची पिशवी तोंडासमोर धरली आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमची पेन्सिल पडलीय.”

पेन्सिल पडलेली नव्हती. पण त्यानं कानामागे हातही नेला नाही.

मी समोर आले. “डावा कान. कधीपासून?”

त्याचा चेहराच उतरला. मामा गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

“तीन महिने होतील,” तो म्हणाला. “आधी दडा बसल्यासारखं. मग दिवसेंदिवस कमीच. माझे वडील छापखान्यात मशीनवर होते. त्यांचाही आधी डावाच गेला, मग उजवा. नस गेली म्हणाले, इलाज नाही. मला माहितीये हे कुठं जातं ते.”

“कुणाला दाखवलंत?”

“दाखवून काय? बरी न होणारी खोड आहे ही.”

“आणि मी कान तपासते हे माहीत असून मलाही नाही सांगितलंत! गिटारची खोड आधी सांगता, मग स्वतःची?”

“गिटार न घेता लोक गेले तरी मला काही वाटत नाही,” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही गेला असता तर…”

 “त्या दिवशी तुम्ही काहीतरी विचारलंत,” तो पुढे म्हणाला. “चेहऱ्यावरून कळलं की मोठं काहीतरी होतं. पण काय, ते परत कसं विचारायचं? विचारलं असतं तर सगळंच कळलं असतं.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. पण हातात गिटार होती आणि डोक्यात एकदम काहीतरी लखलखलं.

“बस,” मी म्हणाले. “हनुवटी टेकव इथं, शिंगावर. मधोमध. डोळे मिट.”

मी त्याला ‘तू’ म्हणाले होते, हे मामांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं ऐकलं. हनुवटी टेकवली. मी सगळ्यात बारीक तार अगदी टोकाच्या पडद्यावर दाबली. मग ती छेडली.

“हाडातून येणारा आवाज कुठल्या कानात मोठा वाटतो? विचार करू नकोस. फक्त सांग.”

त्याच्या कपाळाला आठी पडली. “परत वाजव.”

मी परत वाजवली.

“डाव्या,” तो गोंधळून म्हणाला. “पण… डावा तर गेलाय ना?”

मी मटकन स्टुलावर बसले, वायरींच्या गुंत्यावर. “अरे, नस गेली असती तर उजव्यात मोठा वाटला असता! डाव्यात वाटतोय म्हणजे नस ठीक असणार, वाटेतच काहीतरी अडलंय. ही पूर्ण तपासणी नाही, उद्या क्लिनिकला ये, डॉक्टर बघतील. पण मला विचारशील तर… बरी होणारी खोड वाटतेय.”

मामांनी “हुश्श!” केलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. तो मात्र गिटारवर हनुवटी टेकवून तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या कानात छोटी बॅटरी मारून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. मळ! दगडासारखा घट्ट बसलेला मळ आणि त्यात अडकलेला नारिंगी फोमचा तुकडा. अँप तपासताना कान जपायचे म्हणून हा गृहस्थ अँपच्या बाजूच्या कानात रोज फोमचा बोळा कोंबायचा आणि रोज मळ आत ढकलायचा. कानाची एवढी काळजी घेतली की कानच बंद झाला.

थेंब घालून, धुऊन, सगळं निघाल्यावर तो खुर्चीत ताठ बसला. पंख्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“तू एवढ्या मोठ्यानं बोलतेस?” त्यानं विचारलं.

माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईंसमोर मी ढसाढसा रडले, आणि त्यांनी शांतपणे कापूस पुढे केला.

शेवटची तपासणी माझी होती. तो काचेपलीकडच्या बंद खोलीत, हेडफोन लावून. मी अलीकडे, माइकसमोर. बीप झाले. दर वेळी बटण वेळेवर दाबलं गेलं. मग शब्द.

“मी म्हणेन ते फक्त परत म्हणायचं,” मी सांगितलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून नियमाप्रमाणे कागद तोंडासमोर धरला. “खुर्ची.”

“खुर्ची.”

“पाणी.”

“पाणी.”

आवाज एकेक पायरी खाली आणत गेले. कपाट. सकाळ. चमचा. तो एकही चुकला नाही. यादी संपली. खोक्यात भरलेली अवजारं आणि सोमवार मला आठवला. मी आवाज सगळ्यात खालच्या पायरीवर नेला आणि यादीत नसलेलं म्हणाले, “जाऊ नकोस.”

स्पीकरमधून काहीच आलं नाही. एक क्षण… दोन क्षण… 

“नाही जात,” तो म्हणाला.

मी कागद खाली केला. तो काचेतून सरळ माझ्याकडे बघत होता.

“परत म्हणायचं असतं,” मी जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणाले. “उत्तर द्यायचं नसतं.”

“मागच्या वेळी उत्तर द्यायचं राहिलं होतं. काय विचारलं होतंस?”

“रविवारी काय करतोस म्हणून.”

“येतो. पण थांब, आधी खोडी सांगतो. बोटांना सोल्डरचा वास येतो. सकाळी नऊपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. आणि घाबरलो की लपवून ठेवतो.”

“यातली बरी होणारी कुठली?”

तो विचारात पडला. “शेवटची,” तो म्हणाला. “तू जवळ असलीस तर.”

“चालेल,” मी म्हणाले. “बाकीच्या दोन राहू देत.”

तो हसला आणि हेडफोन काढायचं विसरून उठला, तसा वायर ताणली जाऊन परत खुर्चीत बसला. मी तक्ता पुढे ओढला. डावा कान, उत्तम. शब्द, सगळे बरोबर. यादीबाहेरचं ते शेवटचं मी खाली हातानं लिहिलं. त्यानं ते परत म्हटलं नव्हतं, म्हणजे नियमानं चूक धरायला हवं होतं. मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.