कडीवरचा पंचा

घर विकायचं तर आधी रंग मारून घ्या, असं वर्षालीचं म्हणणं. वर्षाली माझी मुलगी, तळेगावला असते. भिंती पिवळ्या दिसल्या की गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणाली. मला पटलं. एकट्या माणसाला पिंपळे गुरवमध्ये हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या घेऊन करायचंय काय? घर खायला उठतं. दिवसभर टीव्ही चालू ठेवायचो, तोही कुणी काय बोलतंय ते न ऐकता.

मी कागद घेऊन यादी केली. रंग, स्वयंपाकघरातल्या चार फुटक्या फरश्या, बाथरूमचा नळ. शेवटी लिहिलं: आतल्या खोलीच्या खिडकीवरचा काळा कागद काढणे. हे काम फुकटातलं होतं, पण चार वर्षं माझ्याच्यानं झालं नव्हतं.

त्या कागदाचं सांगायला हवं. मी बीडकडचा, आयटीआय करून इकडं आलो आणि भट्टीवर लागलो. गिअर तापवून कडक करायची भट्टी. ती बंद ठेवता येत नाही, त्यामुळे रात्री कुणीतरी लागतंच. भत्ता मिळायचा म्हणून मी कायमची थर्ड शिफ्ट मागून घेतली. थर्ड म्हणजे रात्री साडेदहा ते सकाळी सात. कंपनीच्या बसनं घरी यायचो, जेवायचो, साडेआठला, उजेड येऊ नये म्हणून खिडकीला काळा कागद लावलेल्या आतल्या खोलीत आडवा व्हायचो आणि सव्वाचारला उठायचो. एकतीस वर्षं. घड्याळ कधी लावावं लागलं नाही.

इकडं प्रत्येक बिल्डिंगमध्ये असं एक तरी घर सापडेल. आतलं दार लोटलेलं असतं, घरातली बाई ओठावर बोट ठेवते आणि आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो. कंपनीतल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही.

माझ्या बायकोचा, विजयश्रीचा, तर ह्यात हातखंडाच होता. दिवसा कुकर लावायची नाही, वरण पातेल्यात शिजवायची. धुतलेली भांडी फडक्यावर पालथी घालायची, पाण्याचा ग्लाससुद्धा घडी घातलेल्या फडक्यावर ठेवायची. बेलची वायर काढलेली. मी झोपलो की बाहेरून कडीला निळा पंचा लटकवायची. पंचा आहे तोवर पोरीनं कुजबुजायचं, पंचा निघाला की बोलायचं. आणि माझ्या दारावरून जाताना ती हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायची, किणकिण नको म्हणून. वर्षाली अजून फोनवर हळू बोलते. सासरची माणसं विचारतात, हिला घसा नाही का. मी हसण्यावारी नेतो, पण ते ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

विजयश्री चार वर्षांपूर्वी गेली, एका मंगळवारी. मी सव्वाचारला उठून दार उघडलं. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली होती. शेजारी फडक्यावर पाण्याचा ग्लास. डॉक्टर म्हणाले, साडेअकराच्या सुमाराला गेल्या. हार्ट. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या होत्या. म्हणजे ती माझ्या दारापर्यंत आली होती. पंचा बघून परत गेली.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, वर्षालीलाही नाही. त्या दिवशी झोपेत मला दार बडवल्याचा आवाज आला होता. कुणीतरी पुरुष होता, माझं नाव घेऊन अरेतुरे करत होता. मला वाटलं, स्वप्नात सुपरवायझर आलाय. मी कूस बदलली. आमचा लोखंडी पलंग जुना, कूस बदलली की दोनदा करकरतो. ती करकरही मला आठवते. मग पुन्हा झोप लागली.

तेव्हापासून मी हॉलमध्ये झोपतो. रिटायर झाल्यावरसुद्धा आतल्या खोलीत पाठ टेकली नाही.

रंगाला ज्योतीराम आला, चाकणच्या बाजूचा. माणूस कामाचा, पण तोंड बंद म्हणून ठेवायचा नाही. दोन दिवसांत हॉल, स्वयंपाकघर, बाहेरची खोली उरकली. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता बघतो तर हा गॅलरीत बिडी ओढत बसलेला, मोबाईलवरची गाणीही बंद.

"का रे, आतली खोली?"

"आतलं दादा उठलं की घेतो," तो हळूच म्हणाला. "घाई न्हाई."

"कोण दादा?"

"झोपल्यात न्हवं. घोरत्यात की. आमचा थोरला बी थर्डला असतोय, म्या कशाला उठवू."

मी जाऊन दार उघडलं. पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली, वर धूळ. ज्योतीराम माझ्या मागून डोकावला आणि डोकं खाजवायला लागला. शेजारचं कुणी असंल, म्हणाला. त्या खोलीला शेजार नाही. तिन्ही बाजूंनी बाहेरची हवा आहे. पण मी वाद घातला नाही. त्यानं काळा कागद खरवडून काढला, दीड तासात भिंतींना रंग मारला आणि निघाला. एरवी जिन्यातसुद्धा बोलत जाणारा माणूस, त्या दिवशी पैसे घेताना मान खाली घालून उभा होता.

खिडकीतून उजेड आला आणि खोली अगदीच साधी दिसायला लागली.

मग एजंट सोपानराव एका रिटायर टर्नरला आणि त्याच्या बायकोला घेऊन आले. बाईंचं नाव कौशल्याबाई. हॉलमध्ये मोठ्यानं बोलत होत्या, पाणी किती वेळ येतं, खालचे लोक कसे आहेत. आतल्या खोलीकडे वळल्या आणि आवाज एकदम खाली आला. दार लोटलेलं होतं. मी पुढं होऊन उघडायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या," त्या कुजबुजल्या. "झोपू द्या त्यांना. अंदाज आलाय खोलीचा."

"आत कोणी नाही, ताई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि चप्पल घातली. संध्याकाळी सोपानरावांचा फोन आला. म्हणाले, "रोहिदासभाऊ, घरात आजारी माणूस असेल तर आधी सांगत जा. बाई म्हणाली, त्याला घराबाहेर काढून घर विकतायत, आम्हाला नको ते पाप."

मी त्या रात्री भात टाकला आणि न जेवताच झाकून ठेवला. मला भीती वाटली असं नाही. खरं सांगायचं तर दाराशी जाऊन कान लावला. काही ऐकू आलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. घरात दुसरं कुणी असतं तर बरं, असं मनात येऊन गेलं.

पंधरा दिवसांनी गणराज आणि दिपाली आले. परभणीकडचं जोडपं, लग्नाला दोन वर्षं झालेली. तो चाकणला कास्टिंगमध्ये, शिफ्ट बदलती. भाड्याच्या खोलीत शेजारच्या पोरांच्या दंग्यानं दिवसा झोप होत नाही, म्हणून घर बघत होते. गणराज सोपानरावांबरोबर गॅलरीत गेला. दिपाली घरभर हिंडत आतल्या खोलीपाशी पोचली. मी हॉलमधून बघत होतो. दारासमोर ती थांबली आणि सहज, लक्ष नसताना, दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या.



"शांत आहे खोली," ती हळूच म्हणाली. "ह्यांना झोप लागेल."

ते घर घेणार हे मला तिथंच कळलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जे विजयश्रीला एकतीस वर्षांत एकदाही म्हणालो नाही ते म्हणालो.

"बाळ, एक लक्षात ठेव. तुला काही झालं, साधं डोकं दुखलं तरी, त्याला उठवायचं. दार बडवायचं. झोपमोड झाली म्हणून कुणी मरत नाही."

तिनं मान डोलावली. गणराज मागून येऊन हसला. "काका, ही कसली उठवते," तो म्हणाला. "माझ्या अंगावर पांघरूणसुद्धा श्वास धरून घालते."

व्यवहार झाला. पलंग आतच सोडला, तो दारातून निघत नव्हता. माझे कपडे, विजयश्रीचा फोटो आणि तो निळा पंचा ट्रंकेत घालून मी तळेगावला आलो. वर्षालीकडे पोरं आहेत, आरडाओरडा आहे. मला बरं वाटायला लागलं होतं.

दोन महिन्यांनी सोसायटीच्या एका कागदावर माझी सही राहिल्याचं निघालं. सकाळच्या लोकलनं कासारवाडीला उतरलो, रिक्षा केली, सेक्रेटरीकडे सही केली. इथवर आलोच आहे तर पोरीला भेटून जावं म्हणून दुसऱ्या मजल्यावर गेलो. बेल दाबायच्या आधीच दार उघडलं.

"काका, हळू," दिपाली कुजबुजली. "झोपलेत."

मी चपला हातात घेऊन आत गेलो. जुनी सवय, दुसरं काय. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. ती वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत वर होत्या.

"गणराज थर्डला आहे का ह्या आठवड्यात?"

"नाही काका. ते फर्स्टला गेलेत."

"मग झोपलंय कोण?"

तिला माझा प्रश्न कळला नसावा. "झोपलेत ना," ती म्हणाली. "सव्वाचारला उठतील."

मी आतल्या दाराकडे बघितलं. कडीला पंचा होता. निळा, कडेला लाल रेघ, एका कोपऱ्यावर भट्टीच्या तेलाचा डाग. तो पंचा मी तळेगावला ट्रंकेत ठेवला होता. काल रात्रीसुद्धा बघितला होता.

दिपाली स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा ग्लास फडक्यावर ठेवून भिंतीला टेकून खाली बसली. डावा खांदा चोळत होती. कपाळावर घाम.

"काय होतंय, बाळ?"

"सकाळपासून इथं आवळल्यासारखं होतंय. उठले की सांगते त्यांना."

मी दारापाशी गेलो. एकतीस वर्षं मी त्या दाराच्या आत होतो. पंचा लावलेलं ते दार बाहेरून कसं दिसतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हात वर केला आणि तो तसाच खाली आला. आतून घोरणं ऐकू येत होतं. मला लाज वाटली. आपण इतके गाढ झोपतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी पंचा ओढून फेकला आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

"रोहिदास. अरे रोहिदास, ऊठ."

घोरणं थांबलं.

"ऊठ रे. ती भिंतीला टेकून बसलीय. ऊठ, बाबा."

तो आवाज मी ओळखला. चार वर्षं तो कानात होता, फक्त तेव्हा तो दाराच्या पलीकडून आला होता, आता माझ्याच तोंडून निघत होता.

आत पलंग करकरला. एकदा. दोनदा.

मग घोरणं पुन्हा सुरू झालं.

दार मी उघडलं नाही. दिपालीला हाताला धरून उठवलं, एकेक पायरी करत खाली आणलं आणि रिक्षात घातलं. ती वाचली, हे इथंच सांगून टाकतो. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. गणराजला मी रिक्षातूनच फोन केला. मागं मशीनचा आवाज होता, तो ओरडून बोलत होता, निघालोच काका म्हणून. नंतर त्यांनी ते घर सोडलं. आता भाड्यानं दिलंय म्हणतात, कुणाला ते मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी रिक्षात दिपालीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. रिक्षा वळली तेव्हा तिनं मान मागं करून वर बघितलं.

"काका, त्यांना सांगून निघायला हवं होतं," ती म्हणाली.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते. त्याची अजून पावणेपाच तासांची झोप बाकी होती.