राखेने घासलेल्या बाटल्या

तिसऱ्यांदा लस मोडली, तेव्हा रागवायचंही त्राण आजोबांच्या अंगात उरलं नव्हतं. ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "पुन्हा तुकडे."

शेजारच्या वाडीपर्यंत शेळ्यांचा ताप आला होता. त्यांच्या नातीची, मुक्ताची, गाभण शेळी बाळी परसात बांधलेली होती. ताप इथे पोचण्याआधी लस टोचली नाही, तर ती आणि तिच्या पोटातलं करडू, दोन्ही जाण्याची भीती होती. गावातल्या छोट्या प्रयोगशाळेत आजोबा, मुक्ता आणि यंत्रमानव गोट्या त्याच कामाला जुंपले होते. आता तर गोट्यासुद्धा पाय ओढत चालायचा.

कोडं असं होतं. लस होती आरएनएची (पेशीला काम सांगणाऱ्या, साखळीसारख्या रेणूची). ज्या डीएनएवरून (मूळ आराखड्यावरून) ती उतरवायची, तो तशाच धुतलेल्या बाटलीत ठणठणीत राहायचा. आरएनएचा मात्र भुगा.

"दोघं भाऊच ना, आजोबा?"

"भाऊच. पण आरएनएच्या रायबोजला (साखळीतल्या साखरेला) ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जास्तीची जोडी असते. डीएनएच्या साखरेत त्या जागी नुसता हायड्रोजन." आजोबांनी डोळे मिटले. "डीएनएचे दोन धागे एकमेकांना पीळ घालून निवांत बसतात. आरएनए बहुधा एकटा, म्हणून स्वतःवरच दुमडतो. ती जोडी त्या घड्या धरून ठेवायला मदत करते. दोन धाग्यांचा पीळ झालाच, तर तिच्यामुळे तो आखूड आणि जाड होतो."

"मग चांगलीच की ती."

"चांगली, पण खोडकर. क्षार (अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) मिळाला की तिच्यातला हायड्रोजन सुटतो. उरलेला ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फेटला (साखळीच्या दुव्याला) जाऊन भिडतो आणि स्वतःचीच साखळी तोडतो. डीएनएकडे ती जोडीच नाही, म्हणून तो वाचतो. पण इथे क्षार येणार कुठून?"

मुक्ताने समोरची बाटली उचलून पाहिली. बाटल्या तीच धुवायची. आई भांडी घासते तशीच, चुलीच्या राखेने, अगदी लख्ख. घाईत एकाच पाण्यातून काढायची.

"आजोबा, राखेत क्षार असतो?"

आजोबांनी डोळे उघडले. गोट्याने एका बाटलीत पाणी घालून तपासलं. "क्षार आहे," तो म्हणाला.

मुक्ताला रडूच आलं. बाळीचं काही झालं असतं तर तिच्याच हाताने झालं असतं.

"रडू नकोस. बाटल्या कशाने धुतेस, हे मलाही विचारायचं सुचलं नाही," आजोबा म्हणाले. "कोऱ्या बाटल्या काढ. अजून एकदा करू."

खरं तर कुणालाच अजून एकदा नको होतं. तरी केलं. उन्हं उतरताना गोट्या म्हणाला, "साखळी अखंड."

आजोबांनी बाळीला लस टोचली. "ही आता मोडणार नाही ना?" मुक्ताने विचारलं.

"मोडेल, पण काम सांगून झाल्यावर. तोवर बाळीचं अंग तापाशी लढायला शिकलेलं असेल." एवढं बोलून आजोबा खुर्चीतच झोपी गेले.

मुक्ता बाळीच्या पोटावरून हात फिरवत राहिली. आत करडू हललं.

"याची लस मी करणार," तिने गोट्याला सांगितलं.

"कर," गोट्या म्हणाला. "बाटल्या मी धुईन."