खडकापलीकडे गेलेली सुरय्या

हे मी रंगवून सांगणार नाही. मला ते जमतही नाही. मी नर्स आहे. जे दिसलं तेवढंच लिहायचं, ही आमची सवय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

जानेवारी २००३. मस्कत, ओमान.

आणि रात्र वगैरे नव्हती... भर दुपार होती.

मी छाया. नाशिकच्या इंदिरानगरची. तेव्हा मस्कतच्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला होते. माझ्या खोलीत सुरय्या राहायची. तीही नाशिकचीच, जुन्या नाशकातली. परक्या मुलखात आपल्या गावचं माणूस भेटलं की किती जीव लागतो, ते बाहेर राहिलेल्यांनाच कळेल. तिचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी. दर वाक्यात एक 'यार' असायचाच.

त्या शुक्रवारी दोघींना एकदम सुट्टी मिळाली.

"छाया, दिमाग नको खाऊ. ऊठ. समंदर बघायला जाऊ यार," ती म्हणाली.

मी थालीपिठं बांधून घेतली. शहरापासून तासाभरावर, उघड्या डोंगरांच्या मधे एक छोटा किनारा होता. टॅक्सीवाला बलुची होता, हिंदी बोलायचा. ऊन उतरायच्या आत न्यायला येतो म्हणाला आणि गेला.

किनाऱ्यावर आम्ही दोघीच.

शुक्रवार म्हणजे तिथली सुट्टी, त्या दिवशी इथे जागा मिळत नाही, असं दवाखान्यात सगळ्या सांगायच्या. पण त्या दिवशी एकही माणूस नव्हता.

एक पक्षीसुद्धा नव्हता...

आम्हाला उलट बरंच वाटलं. खाल्लं, हसलो, मेट्रनची नक्कल केली. मग सुरय्या उठली.

"नमाज पढून येते. तिकडे खडकामागे सावली आहे. तू झोप जरा."

पाण्याची बाटली घेऊन ती खडकापलीकडे गेली. मी चादरीवर आडवी झाले. डोळे मिटले. लाटांचा आवाज ऐकत पडले.

आणि मग लक्षात आलं...

आवाज येत नव्हता.

मी डोळे उघडले. लाटा येत होत्या. फुटत होत्या. फेस वाळूवर पसरत होता. पण सगळं मुकं. टीव्हीचा आवाज बंद करावा तसं.

कानात पाणी गेलं असेल म्हणून मी टाळी वाजवून बघितली.

टाळी ऐकू आली.

लाटा नाही...

"झोपलीस का?"

मी दचकून वळले. सुरय्या मागे उभी होती. कमरेपर्यंत ओली.

"अगं, भिजलीस कशी?"

"पाय धुवायला गेले होते. पाणी फार छान आहे. तू पण चल ना."

मला काहीतरी खटकलं. काय, ते लगेच कळेना.

मग कळलं. 'यार' नव्हता. हिंदी नव्हतं. आमच्या घरी बोलतात तसं ती बोलत होती. अगदी माझ्यासारखं...

"सुरय्या, तुला बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय? चल ना, छबे."

छबी.

मला फक्त माझी आई छबी म्हणते. मस्कतमध्ये हे नाव मी कुणालाही सांगितलं नव्हतं. फोनवर ऐकलं असेल, मी स्वतःलाच समजावलं. पण अंगावर काटा आला होता.

पेशंटला भान आहे की नाही, हे बघायला आम्ही साधे प्रश्न विचारतो. तसंच केलं.

"तुझ्या बहिणीचं नाव काय गं?"

"जिया."

"भावाचं?"

"ओवेस."

बरोबर होतं. माझा जीव थोडा खाली आला. तरी का कोण जाणे, आणखी एक विचारलं. मला स्वतःला माहीत नसलेलं.

"आणि तुझ्या नानीचं?"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग हसली.

"तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कसं माहीत असेल?"

तिने माझं मनगट धरलं होतं. कधी धरलं, कळलं नाही. हात गार नव्हता. माझ्या हाताइतकाच गरम होता. स्वतःचाच हात स्वतः धरावा तसा...

मी चालत होते. कोरडी वाळू, ओली वाळू, मग पाणी. गुडघे... कंबर... छाती. मला तेव्हा भीतीच वाटली नाही. आज त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

"छाया! पागल झाली काय? कुठे चालली?"

समुद्राचा आवाज एकदम कानावर आदळला. मी मागे पाहिलं. खडकावर सुरय्या उभी होती. कोरडी. डोक्यावर ओढणी.

माझ्या शेजारी कुणी नव्हतं.

पुढची लाट डोक्यावरून गेली. मला पोहता येत नाही. तिलाही नाही. तरी ती पाण्यात शिरली, ओढणीचं टोक माझ्याकडे फेकलं आणि मला ओढून बाहेर काढलं.

वाळूवर पडून मी रडत रडत सगळं सांगितलं. ती नुसती बघत होती...

टॅक्सी आली. ड्रायव्हरच्या शेजारी ती कधीच बसायची नाही. त्या दिवशी पुढे जाऊन बसली. रस्ताभर आरशातून माझ्यावर नजर ठेवून होती.

काही दिवसांनी तिने खोली बदलली. मग नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेली. मला वाटलं, ती मला वेडी समजते.

२००८ मध्ये मी नाशिकला परतले होते. जियाचं लग्न ठरलं. मस्कतहून फोनवर आमची ओळख झाली होती, म्हणून जिया स्वतः घरी येऊन बोलावून गेली. सुरय्याने बोलावलं नव्हतं. तरी मी गेले, आणि तिला गच्चीवर एकटीला गाठलं.

"माझं काय चुकलं, ते तरी सांग."

ती नजर चुकवत म्हणाली,

"त्या दिवशी मी नमाज पढत होते ना... तू समोर येऊन बसली. कपडे ओले. 'बब्बो, चल ना' म्हणाली. मला बब्बो फक्त नानी म्हणायची. ती गेली त्याला किती साल झाले. नमाजात बोलता येत नाही, म्हणून मी जबाब दिला नाही. नमाज संपवून सलाम फेरला, तर तू समोर नाही. खडकावर चढले... तर तू पाण्यात."



"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "मी पाण्यातून कुणाला ओढून काढलं, तेच मला आजवर कळलं नाही."

"अगं, मीच आहे! छाया आहे मी!"

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. एक पाऊल मागे सरकली.

"कशावरून?"

आईचं 'छबी' सांगायला मी तोंड उघडलं... पण ते तर मला पाण्यात नेणारीलाही माहीत होतं.

तिला पटेल असं एकही उत्तर मला सापडलं नाही.

अजूनही... सापडलेलं नाही.