वाटीच्या बदल्यात आठ नंबर

"शेवटची वाटी आत्ताच गेली," हत्यारांच्या दुकानातले काका म्हणाले. "तो बघा, निळा शर्ट. वळणापर्यंतही पोचला नसेल अजून."

तिनं वळून पाहिलं, आणि जी सुटली ती थेट रस्त्यावर.

वाटी म्हणजे मोटरसायकलचं ऑइल बदलताना जुना फिल्टर फिरवून काढायचा, वाटीच्या आकाराचा पाना. तिच्या गाडीचा फिल्टर सकाळपासून हटून बसला होता. हातानं फिरवून झालं, जुना पट्टा आवळून झालं. "स्क्रू-ड्रायव्हर आरपार खुपस नि फिरव," हा भावोजींचा सल्ला एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडूनही झाला.

"अहो, निळा शर्ट!"

ती पोहायला शिकवायची. तलावभर पसरलेल्या पोरांना एका हाकेत काठावर आणणारा आवाज होता तो. अख्खा रस्ता थबकला. निळा शर्टही.

"मी?"

"ती वाटी मला द्या."

"पण मी ती आत्ताच घेतलीय!"

"घेतलीत, पण लागणार नाही." ती एव्हाना त्याच्या गाडीशी उकिडवी बसून आत डोकावत होती. "तुमचा फिल्टर या झाकणाआड आहे. हे बोल्ट काढले की झालं. त्याला आठ नंबरचा पाना लागतो. तो माझ्याकडे आहे."

त्यानं वाटीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि हसला. स्वतःवरच, अगदी मोकळं.

"मी काकांना म्हटलं, ऑइल बदलायचं हत्यार द्या. त्यांनी दिलं."

"म्हणजे उद्या औषधाच्या दुकानात जाऊन 'औषध द्या' म्हणाल?"

"तिथे नाही फसणार. मी नर्स आहे, मुलांच्या वॉर्डात. पोरं मला दादा म्हणतात."

"मी नाही म्हणणार हं."

"नकाच म्हणू," तो इतक्या घाईनं म्हणाला, की दोघंही क्षणभर भलतीकडेच बघत राहिली.

तिच्या इमारतीखाली दोन गाड्या शेजारीशेजारी लागल्या. वाटी नेमकी बसली, एक हिसका, आणि सकाळपासूनचा हट्टी फिल्टर मुकाट्यानं फिरला. नव्या फिल्टरच्या रबरी कडीवर तिनं बोटानं थोडं ऑइल फिरवलं.

"आता हातानंच घट्ट करायचा. जोर नाही लावायचा."

"हे तुम्ही सांगताय?" तो म्हणाला. "रस्त्यात गाठून वाटी काढून घेणाऱ्या?"

तिनं हसू दाबलं, पण गालावर ऑइलचा काळा पट्टा उमटला होता, त्यामुळे रागावल्याचा आव काही टिकेना. त्यानं खिशातला रुमाल पुढे केला. तेवढ्यात पावसाची सर आली, आणि त्याला थांबावंच लागलं.

"कोण गं आहे?" वरून आईनं विचारलं.

"वाटीवाले!"

"मग त्यांना चहा तरी विचार!"

पुढच्या रविवारी त्याची चेन कुरकुरली. त्यापुढच्या रविवारी ब्रेक सैल झाला. मग आरसा हलायला लागला. "दिसायला धडधाकट गाडी," आई म्हणाली, "पण दुखणी काय एकेक!" तीही मुद्दाम सावकाश शिकवायची. तो वॉर्डातल्या गमती सांगायचा, सुईला घाबरणाऱ्या पोरांना कसं फशी पाडतो ते रंगवून दाखवायचा, आणि तिचा पाना हातातच राहायचा.

घोटाळा असा झाला, की तो शिकला. एके रविवारी त्यानं सगळं ऑइल एकट्यानं बदललं. ती उलट्या बादलीवर बसून नुसती बघत होती. कुठेच चुकला नाही. "छान," ती म्हणाली, आणि त्याच्या गाडीचं आता कुठलं दुखणं उरलंय, ते मनाशी शोधू लागली.

त्यानंतर तो आलाच नाही.

पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही. "फोन कर," बहीण म्हणाली. पण फोनवर माणूस दिसत नाही, आणि वाट बघत झुरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. एका दुपारी तिनं हेल्मेट चढवलं आणि सरळ हॉस्पिटलचं फाटक गाठलं. ड्यूटी संपवून तो बाहेर पडत होता.

"गाडी बिघडली नाही, म्हणून माणसानं यायचंच नाही?"

तो जागीच थिजला. "काय सांगून येणार होतो? सगळं तर शिकवलंस... शिकवलंत."

"पहिलं बरोबर होतं."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "अजून एक आहे. घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात माझी निवड झालीय. एक तारखेला हजर व्हायचंय. तुला सांगायला दोनदा निघालो... दोन्ही वेळा अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो."

"का?"

"तू नुसतं 'अभिनंदन' म्हणाली असतीस तर?"

"अभिनंदन," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अरे, पुरतं ऐक तरी! अभिनंदन. जा, मनासारखं काम कर. आणि पहिल्या रविवारी वाटेकडे डोळे लावून बस, कारण मी येणार आहे."

"मधे अख्खा घाट आहे..."

"घाट मला आवडतो. आणि तूही." तिनं श्वास घेतला. "पायऱ्या चाचपडत पाण्यात उतरणं मला जमत नाही, म्हणून सरळ सांगते. मला तू आवडतोस. खूप."

फाटकावरच्या वॉचमननं शहाण्यासारखी पाठ फिरवली. इकडे यानं तिचा हात हातात घेतला.

"मलाही," तो म्हणाला. "वळणावर हाक मारलीस ना, तेव्हापासून." मग जरा धीर आला. "एक काम करू. घाटाच्या माथ्यावर भेटत जाऊ. दोघांनाही अर्धाच रस्ता."

"मुळीच नाही. पूर्ण यायचं, आळीपाळीनं. अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची तुला सवय आहे."

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उजाडताच जिना उतरली. खाली तो उभा होता. घाटाच्या धुळीनं भुवयांपर्यंत माखलेला, डोळे झोपेनं जड, चेहऱ्यावर मात्र लबाड हसू.

"आज माझी पाळी होती!"

"माहितीय," तो म्हणाला. "तुला न्यायला आलोय."

वरून आई बघत होती. दोन्ही गाड्या एकदमच सुरू झाल्या, आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत कोण पुढे नि कोण मागे, काही कळेना.