दोन रिकाम्या खोबणी

या बायांनो, या रे पोरांनो, जरा जवळ सरका. गोष्ट भीतीची आहे, लांब बसून ऐकायची नाही. पण दचकू नका. देवाने माणसाच्या छातीत भीती ठेवली, ती उगीच नाही. त्याच कोनाड्यात त्याने आणखीही एक वस्तू ठेवलीय. ती कोणती, ते गोष्ट संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

अल्माटीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी एक नऊ मजली इमारत आहे. तिच्या तळाशी कॉम्प्युटर जोडून देणारं तेमिरआगांचं दुकान. तिथे मोल्दिर काम करायची. बोटं अशी हलकी, की मदरबोर्डलाही गुदगुल्या व्हाव्यात! पण त्या हिवाळ्यात जमीन जोरात हलली, आणि तेव्हापासून पोरीच्या जिवात जीव नव्हता. झोपताना बूट उशाशी. कपड्यांची पिशवी दाराशी. जिना तर तिने सोडूनच दिला होता. काउंटरवर दुधाच्या चहाचा वाडगा भरून ठेवायची, तो पिण्यासाठी नाही… हलतो का, ते बघण्यासाठी.

एका सकाळी तो हलला.

आधी बारीक वलय उठलं. मग दिवे झुलले, काचा थरथरल्या. मोल्दिर धावली. जिन्यातून अख्खी इमारत लोटत होती — कडेवर पोरं, पायात एकेकच चप्पल. त्या लोंढ्यात पहिल्या पायऱ्यांवर एक उंच तरुण दिसला. त्याने छातीशी कॉम्प्युटरचं कॅबिनेट घट्ट धरलं होतं. क्षणभर दोघांची नजर भेटली.

"हे धरा!" असं म्हणून त्याने ते धूड तिच्या हातात कोंबलं.

आणि सगळं जग खाली धावत असताना तो वर पळाला.

अंगणात मोल्दिर अनोळखी माणसाचं ओझं कवटाळून उभी राहिली. हात भरून आले, पण खाली ठेववेना. तिची नजर जिन्याच्या दारावरून हलत नव्हती. देवा, तो येऊ दे… नावही माहीत नाही, तरी येऊ दे…

जमीन शांत झाल्यावर तो आला. चेहरा खडूसारखा पांढरा.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ती कडाडली. "वर कोण पळतं?"

"वर आई आहे," तो म्हणाला. "नववा मजला. गुडघे गेलेत, आणि हादरा बसला की लिफ्ट बंद. मी जाऊन नुसता शेजारी बसतो. दुसरं काय करणार?" मग ओशाळून हसला. "सॉरी हं… ते जड आहे. तुमच्याच दुकानात आणत होतो. गेमसाठी मेमरी वाढवायचीय. किती लागेल?"

तिची जीभ ताळ्यावर आली. "असल्या वेळी मेमरी आठवते? धन्य आहे!"

त्याचं नाव सांजार. डोंगरात वर, धरणाच्याही पलीकडच्या चौकीत तो बर्फ मोजायचा. कडा कधी कोसळेल ते खालच्या लोकांना कळवायचा. आणि गेम? तो त्याचा नव्हताच.

"आपा खेळते, माझी आई," तो हळूच म्हणाला. "रणगाड्यांचा. तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली तिने. आता बाहेर पडता येत नाही, तर तिथे दणादण गाडी हाकते. पण मध्येच सगळं अडकतं."

"आता किती आहे? आठ जीबी?"

"हो."

"नुसत्या गेमला सोळा पुष्कळ." तिने कॅबिनेटवर बोट टेकवलं. "गेमबरोबर आणखी काय काय उघडं असतं?"

त्याने मान खाली घातली. "हादऱ्यांचा नकाशा असतो. मैत्रिणींच्या गप्पा असतात. आणि… एका कोपऱ्यात मी. चौकीत असलो की कॉल चालूच ठेवतो आम्ही. लढाई पेटली की पहिला मीच बंद पडतो. मग मला वाटतं, मीच बंद पडलो, की तिकडे घर…"

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मोल्दिरला ते ऐकू आलं. तेच वाक्य ती रोज रात्री उशाखाली घेऊन झोपायची.

त्यानंतर सांजारला प्रश्नच पडत राहिले. सोळा की बत्तीस? एक मोठी पट्टी की दोन लहान? सुट्टी असली की तो हजर, हातात गरम समोसे नाहीतर सफरचंदं.

"हा पोरगा किंमत अशी विचारतो," तेमिरआगा कुरकुरले, "जणू कळपातला मेंढा निवडतोय! अरे, दात बघायचे राहिलेत का?"

"आगा, पोरगी खरं सांगते ना, तेवढंच विचारतो," सांजार म्हणाला.

"पोरगी खरंच सांगते," मोल्दिरने नजर न उचलता ऐकवलं. "गिऱ्हाइकाचा भरवसा नाही."

शेवटी तिनेच निकाल लावला. "आठ-आठच्या दोन पट्ट्या. सोळा. जोडीनं बसवलेली मेमरी एकटीपेक्षा बरी चालते. खोबणी चार आहेत. दोन रिकाम्या राहू देत."

"कशाला?"

"पुढे… घरात माणूस वाढलं तर."

म्हटलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सांजार चहाच्या वाडग्याकडे बघत राहिला. त्या दिवशी वाडगा अगदी स्थिर होता. हलत होतं ते भलतंच काही.

"वर येऊन तूच बसव ना," तो म्हणाला. केव्हातरी दोघं 'तू'वर आली होती. "आपाच्या मैत्रिणी जमतील. नवी वस्तू पाहिली की बैगाझीची भेट द्यावीच लागते, रिकाम्या हाती कोणी जात नाही. तूही—"

"नववा मजला?" ती मागे सरकली. "नाही. माझ्यानं नाही होणार. बैगाझी माझी इथूनच घे." आणि तिने स्वतःचा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात ठेवला.

तो हट्टाला पेटला नाही. ही त्याची गोष्ट तिला फार आवडली… आणि फार टोचलीही.

तिने पट्टी कशी बसवायची ते दाखवलं. त्याच्या बोटांवर बोटं ठेवून. "दोन्ही टोकांनी दाब. टक्क असा आवाज यायला हवा."

"मोडली तर?"

"भीत भीत दाबलीस, तरच नीट बसत नाही."

हे दुसऱ्याला सांगणं किती सोपं, नाही का?

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी वाडगा नुसता हलला नाही, काउंटरवरून खाली पडून फुटला. फळीवरची खोकी कोसळली. अंगणात बायका देवाचं नाव घेत होत्या. मोबाइल कोणाचेच लागेनात. तेवढ्यात दुकानातला जुना तारेचा फोन खणाणला.

"मोल्दिर!" सांजारचा आवाज ओळखू येत नव्हता. "आपाचा कॉल तुटला. पडदा काळा. फोन लागत नाही. खाली यायला मला फार वेळ लागेल, रस्त्यावर दगड आलेत… तू वर जा असं नाही म्हणत. कोणालातरी पाठव. कोणालाही…"

फोन तुटला.

मोल्दिरने अंगणाकडे पाहिलं. तेमिरआगा म्हाताऱ्यांना सावरत होते. बाकी सगळी तोंडं वर करून भिंतींकडे बघत होती. तिने डोळे मिटले. देवा, पाय तुझेच आहेत, तूच उचल.

आणि सगळी माणसं खाली येत असताना ती वर निघाली.

"उलटी कुठे चाललीस गं?" कोणीतरी ओरडलं. तिसऱ्या मजल्यावर भिंतीचं प्लास्टर खांद्यावर पडलं. सहाव्यावर पाय थिजले. ती कठड्याला लोंबकळून रडली, मग रडत रडतच पुढची पायरी चढली. आणि त्याच्या पुढची. भीती कुठेही गेली नव्हती, बरं का. ती बरोबरच चढत होती.

नवव्यावर दार उघडं होतं. खुर्चीत एक धिप्पाड बाई बसली होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, त्यावर हेडफोन.

"मी मेले का गं?" कुल्याश आपांनी विचारलं. "रणगाडा वाचला होता माझा. तेवढ्यात सगळं काळं!"

"नाही आपा… मेमरी हलली असेल. मी दुकानातली, मोल्दिर."

"अस्सं? स्क्रूड्रायव्हरवाली?" म्हातारीने तो खिशातूनच काढून दिला.

तिने वायर उपटली, कॅबिनेटची बाजू उघडली. एका पट्टीचं टोक वर आलेलं. भीत भीत दाबली होती ना सांजारने! तेवढ्यात खोली पुन्हा हलली. छतातला दिवा घड्याळाच्या लंबकासारखा डोलू लागला. मोल्दिर अर्धी उठली.

"पळायचं तर पळ, पोरी. माझी तक्रार नाही," आपा शांतपणे म्हणाल्या. हात मात्र खुर्चीवर पांढरे पडले होते. "मीही घाबरतेच. पण शेवटचा माणूस उतरेपर्यंत चालकाने जागा सोडायची नसते. सवय लागलीय."

मोल्दिर खाली बसली. दोन्ही अंगठे पट्टीच्या टोकांवर ठेवले आणि जीव खाऊन दाबली.

टक्क.

तिने वायर पुन्हा जोडली, बटण दाबलं. पडदा उजळला. कॉल आपोआप आला नाही. आपांनीच लावला. कोपऱ्यात सांजारचा चेहरा उमटला, रडवेला. आईला पाहून त्याने डोळे पुसले. मग तिच्या मागे, प्लास्टरने पांढरी झालेली मोल्दिर दिसली… आणि तो पडद्याच्या अगदी जवळ सरकला.

आपांनी मनगटातलं चांदीचं कडं काढलं, मोल्दिरच्या हातात सरकवलं.

"आपा, हे कशाला? बैगाझी तर मी द्यायची…"

"बैगाझी वस्तूला असते. हे कोरिमदिक. सुनेचं तोंड पहिल्यांदा पाहिलं की देतात ते."

"आपा!" पडद्यातून सांजार ओरडला. "आधी तिला विचारायला तर हवं!"

"मग विचार की! महिनाभर मेमरीच विचारत बसलायस."

पडद्यात त्याच्या मागे वारा घोंघावत होता.

"मोल्दिर… बत्तीस करायची का?"

दिवा अजून डोलत होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला भीती वाटते."

"मलाही."

"मग…" तिने कडं मनगटावर घट्ट धरलं. "जोडीनंच बसवू. भर दोन्ही खोबणी."

आपांनी दोन्ही तळवे आकाशाकडे उघडले आणि जाडसर, खरखरीत सुरात आशीर्वाद गायला:

*हलो धरा, हलो घर, न हलो तुमचा हात,*
*भय आलं दाराशी, तर त्यालाही द्या भात.*

मंडळी, गोष्ट एवढीच. आता एक मागणं. कधी तुमच्याही पायाखालची जमीन हलली, तर खाली जरूर धावा. जीव देवाचा आहे, जपायलाच हवा. पण अंगणात पोहोचलात की एकदा मान वर करा. जिना उतरता येत नाही म्हणून खिडकीशी बसून राहिलेलं कोणीतरी तिथे असेल. त्याची तेवढी आठवण ठेवा.